मागच्या रांगेतला काळा

आदुमच्या बाजारात, दुपारी तीनच्या घामात,
इस्साहाकु पुढे सरकवतो नवाकोरा लॅपटॉप,
पातळ, चंदेरी, झाकणावरची फिल्मही न काढलेला.
"रॅम बघ, अफ्रिये. स्पीड बघ."
मी म्हणते, रॅम डोळ्यांना दिसत नाही रे,
दिसतं तेवढंच बघू दे.
आणि पिशवीतून पेनड्राइव्ह काढते.

त्यात एकच फोटो आहे.
एजिसूच्या म्हाताऱ्या बोआतेंगच्या अंत्यविधीचा.
शनिवार, कडक ऊन, मांडवाखाली सगळं घराणं:
पुढे लाल कापडातल्या लेकी-सुना,
मागे काळ्यातले पुरुष,
एक खांदा उघडा टाकून नेसलेलं ते कापड,
ज्याच्यावर काळ्यातच काळे ठसे उमटवतात.
जवळ गेल्याशिवाय कळत नाही
की ते नुसतं काळं नाही.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर ही मागची रांग
सांडलेलं डांबर दिसायची.
उजेड वाढवला की माणसांची राख व्हायची,
कमी केला की उरायचे घड्याळांचे पट्टे.
छापून नेल्यावर थोरली सून पोमा म्हणाली,
"आमच्या माणसांचं हे काय केलंस?"
अर्धेच पैसे दिले.
बरोबरच होतं तिचं.

नवाकोरा समोरून ठीक.
मान जराशी डावीकडे नेली
तर लाल कापडाचा टोमॅटो झाला,
पडदा मागे कलला
तर काळ्यावर चांदीचा वर्ख.
"हलू नकोस ना मग," इस्साहाकु म्हणतो.
न हलता कोण काम करतं, बाबा?
आमच्याकडे मेलेला माणूससुद्धा
खांदेकऱ्यांच्या तालावर हलतो.

दुसरा तसाच.
तिसरा गेम खेळणाऱ्यांचा, बटणांखाली लाल-हिरवे दिवे,
आत कुणाचं लग्न लागल्यासारखे.
किंमत ऐकून मी बोटं मागे घेतली.
माझ्याकडे सदतीसशे सेदी,
त्यातले काही गाडीभाड्याचे.

मग टेबलाखालून, पोत्यात गुंडाळलेला एक.
जर्मनीतल्या कुठल्याशा कचेरीतून निवृत्त.
झाकणावर ओरखडे, अर्धं सोललेलं स्टिकर,
कीबोर्डवर वायच्या जागी झेड.
"बॅटरी चाळीस मिनिटं चालते," तो आधीच सांगून टाकतो.
प्रामाणिक आहे,
नाहीतर त्याला हा विकायचाच नाही.

पडदा चकाकत नाही.
दुकानातली ट्यूबलाइट त्यात दिसत नाही, मी दिसत नाही.
आणि मागची रांग उभी राहते.
एकेक जण.
शाईचा काळा, पिकल्या जांभळाचा काळा,
साल उकळून काढलेला तपकिरी काळा,
चुलीमागच्या भिंतीचा काळा.
कपाळांवर घाम, घामात मांडवाचा लाल.
कापडावरचा शिडीचा ठसाही सुटा दिसतो,
मरणाची शिडी,
एकट्यादुकट्याने चढायची नसते ती, सगळेच चढतात.

आणि खांबामागे, अर्धा बाहेर,
ओपोंग.
धाकटा. जो आलाच नव्हता.
बापाच्या मातीलाही फिरकला नाही असं
पोमाने अख्ख्या एजिसूला सांगितलंय.
चपला हातात,
नजर स्वतःच्या पायांवर.

मी चेहऱ्यावर काही येऊ देत नाही.
घासाघिशीत चेहरा हाच पहिला हप्ता.
"बॅटरी मेलेली, अक्षरं उलटीपालटी," मी म्हणते, "बत्तीसशे."
तो हसतो. छत्तीसशे.
चौतीसशेला तुटतं,
चार्जर दुसऱ्याच कुठल्यातरी लॅपटॉपचा,
पिशवी फुकट.

ट्रोट्रोच्या मागच्या सीटवर, मांडीवर ते जड ओझं,
मनातल्या मनात मी सावल्यांची पट्टी सरकवते.
एक घर वर: खांबामागे कुणीतरी आहे.
दोन घरं: ओपोंग.
तीन नेलं तर पुन्हा सगळ्यांची राख.

गाडी गचके खाते. शेजारची बाई
कोंबडीसकट माझ्या अंगावर येते, सॉरी म्हणते.
दोन, मी ठरवते.
पोमाला नवीन प्रिंट नेऊन द्यायची, उरलेले पैसे मागायचे,
आणि सांगायचं,
घरात नको, उन्हात धरून बघ.